सुपरमार्केटमधली भाजी : निबर, शिळी की गारठलेली?

माझा भाचा नोकरीसाठी लातूरहून पुण्यात आला आणि हिंजवडीजवळ दोन मित्रांबरोबर राहू लागला. महिन्याभराने त्याचा फोन आला. "मावशी, भेंडी दोन दिवसांत चिकट होते. कोथिंबीर रात्री आणली की सकाळी काळी. आमच्या फ्रीजमध्येच काही बिघाड आहे का?"

फ्रीज ठीक होता. भाजी घरी आली तेव्हाच तिचं बरंचसं आयुष्य संपलेलं होतं. एका संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या सोसायटीखालच्या मोठ्या एसी दुकानात गेले आणि तासभर नुसत्या भाज्या हातात घेऊन दाखवल्या. पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडलेल्या, बाजारात जायला वेळ नसलेल्या आणि कामावरून येताना सुपरमार्केटमध्ये शिरणाऱ्या सगळ्यांसाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

माझं माहेर सासवडजवळचं. दुपारी ऊन कललं की मेथी उपटायची, मुळं झटकायची, जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या टेम्पोत भरायच्या. टेम्पो दिवे घाट उतरून रात्रीच गुलटेकडीला मार्केट यार्डात पोचायचा, उजाडायच्या आत माल विकला जायचा आणि सकाळी दहाला ती मेथी पुण्यातल्या कुणाच्या तरी कढईत असायची. म्हणजे जमिनीतून निघाल्यापासून अठरा-वीस तास. ताजेपणाचं माझं माप अजून तेच आहे.

सुपरमार्केटच्या भाजीची वाट लांब असते. शेतातून संकलन केंद्र, तिथून प्रतवारी आणि पॅकिंग, मग शहराबाहेरचं गोदाम, मग गाडी, मग दुकान. प्रत्येक थांब्यावर काही तास जातात. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. तेव्हा मला वाटलं होतं, आता शेतकऱ्याचा माल थेट दुकानात येईल आणि जास्त ताजा मिळेल. सुरुवातीला आमच्या भागातल्या दुकानात तसं झालंही. सकाळी क्रेट यायचे आणि दुपारपर्यंत रिकामे व्हायचे. गेल्या काही वर्षांत मात्र तेच क्रेट रात्री नऊला अर्धे भरलेले दिसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरच नवा माल ओतला जातो. परिसरात दुकानं वाढली, बरीच गिऱ्हाइकं मोबाईलवरून भाजी मागवू लागली, त्यामुळे एकेका दुकानातला खप कमी झाला. भाजीच्या फळ्यांजवळ पूर्वी दोन माणसं सतत निवडायला असायची, आता एकच असतो आणि त्यालाच वजनकाट्यावरही उभं राहावं लागतं. ताजी भाजी मिळणं हे सगळ्यात जास्त खपावर अवलंबून असतं. चकाचक फळीवर महिनाभर नजर ठेवा, हे तुमच्याही लक्षात येईल.

आधी तीन शब्द शिकून घ्या

भाजी "चांगली नाही" एवढं म्हणून भागत नाही. खराब भाजीच्या तीन वेगळ्या जाती आहेत. त्या ओळखता आल्या की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

निबर म्हणजे उशिरा तोडलेली. भेंडीत दोरे, काकडीत टणक बिया, गवारीत शिरा. हे शेतातच झालेलं असतं. तोडा दोन दिवस लांबला की भेंडी निबर होते. ती कितीही ताजी असली तरी शिजत नाही.

शिळी म्हणजे वेळेवर तोडलेली, पण तोडून फार काळ झालेली. मलूल, सुरकुतलेली, देठ वाळलेला. हे वाटेत किंवा दुकानात झालेलं असतं.

तिसरी जात आमच्या लहानपणी माहीतच नव्हती. गारठलेली. आपल्या उष्ण हवेतल्या बऱ्याच भाज्यांना फार थंडी सोसत नाही. भेंडी, वांगी, काकडी यांना साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलं की आतून इजा होते. टोमॅटोला 12 अंशांच्या आसपास, केळ्याला 13 अंशांच्या खाली. गंमत अशी की पालेभाजीला याच्या उलट, शून्याजवळचा गारवा आणि भरपूर ओल हवी असते. दुकानात बहुतेक वेळा एकच थंड फळी असते आणि तिच्यावर सगळं एकत्र मांडलेलं असतं. म्हणजे भेंडी गारठते आणि कोथिंबीर एसीच्या कोरड्या हवेत सुकते. इजा लगेच दिसत नाही. दुकानात भेंडी हिरवीगार असते, घरी उबेत आली की एका दिवसात काळे डाग, खड्डे आणि चिकटपणा. भाच्याची भेंडी हीच होती.

पायरी पहिली : माल कधी येतो ते विचारा

पहिल्या आठवड्यात भाजी घेण्याआधी हे काम करा. भाजीच्या फळीवर काम करणाऱ्या दादांना किंवा ताईंना सरळ विचारा, "भाजीची गाडी किती वाजता येते? रोज येते की एक दिवसाआड?" ते सांगतात. त्यांनाही उलट्या-पालट्या करून भाजी टाकणारी गिऱ्हाइकं नको असतात. आमच्या इथल्या दादांनी मला सांगितलं की गाडी सकाळी सातला येते, पण सोमवारी येते ती रविवारच्या गर्दीनंतर उरलेलं भरून काढायला, आणि तिच्यात पालेभाजी थोडीच असते. त्यानंतर मी सोमवारी पालेभाजी घेणं बंद केलं. तुमच्या दुकानाचं वेळापत्रक वेगळं असेल. ते एकदा कळलं की अर्धी लढाई जिंकलीच.

रात्री नऊनंतर जाणाऱ्यांनी पालेभाजीकडे वळूच नये. "एकावर एक फ्री" अशी पाटी संध्याकाळी लागली की समजायचं, उद्या सकाळी ती जुडी टाकायची होती. आज रात्रीच शिजवणार असाल तरच घ्या.

पायरी दुसरी : जुडी उलटी धरा

बहुतेक जण पानांकडे बघतात. पानांवर दुकानात तासातासाला पाणी शिंपडलेलं असतं, त्यामुळे पानं शेवटपर्यंत टवटवीत दिसतात. तुम्ही जुडी उलटी धरून कापलेल्या टोकांकडे बघा. ताज्या मेथीचं, कोथिंबिरीचं टोक ओलसर आणि फिकट हिरवं किंवा पांढरं असतं. तपकिरी, बोथट, वाळकं टोक म्हणजे दोन दिवस तरी उलटले. मुळांसकट असलेली जुडी जास्त टिकते, म्हणून मुळं असतील तर तीच घ्या. हल्ली मुळं छाटून, एकसारख्या लांबीच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेल्या जुड्या मिळतात. दिसायला छान, टिकायला वाईट.

मग रबरबँड किंवा सुतळी जिथे आवळलेली असते तिथे बोटाने जरा बाजूला करून बघा. सड तिथूनच सुरू होते. आतली दोन पानं काळी आणि लिबलिबीत असली तर उद्या सगळी जुडी तशीच होणार. शेवटी वास. शिळ्या कोथिंबिरीला वासच नसतो आणि सडू लागलेल्या मेथीला दमट, कुबट वास येतो. जुडी हातात घेऊन जरा झटका. पाणी निथळून खाली पडलं तर वजनाच्या भावात तुम्ही पाणी विकत घेताय, आणि तेच पाणी घरी पानं कुजवणार आहे. पावसाळ्यात हे सगळं दुप्पट वेगाने होतं.

माझं स्पष्ट मत सांगते. पालेभाजी सुपरमार्केटमधून घेऊच नका. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, लाल माठ, यांचं आयुष्य एका दिवसाचं असतं आणि ते गाडीत संपतं. चुका किंवा चाकवत तर मला मोठ्या दुकानात क्वचितच दिसला आहे. यांच्यासाठी भाजीवाली शोधा. त्याबद्दल पुढे लिहिते.

पायरी तिसरी : दुकानाने काय काढून टाकलंय ते बघा

ही युक्ती बहुतेकांना माहीत नसते. दुकान भाजीचं वय लपवतं ते काहीतरी काढून.

कोबी घ्या. शेतातून आलेल्या कोबीला बाहेरून मोठी, गडद हिरवी, जाड पानं असतात. ती सुकली की रोज एक-दोन पानं सोलून टाकतात. म्हणून फळीवरचा छोटा, पांढरा, गुळगुळीत गड्डा बहुधा जुना असतो आणि एखादं हिरवं पान अंगावर असलेला नवा. खालचा देठही बघा. नुकताच कापलेला देठ पांढरा, ओलसर. तपकिरी आणि तडकलेला असेल तर सोडा.

फ्लॉवरचं तसंच. पानं सगळी छाटलेली असतील तर का छाटली ते स्वतःला विचारा. फुलाच्या पृष्ठभागावर खरवडल्यासारखे सपाट ठिकाण दिसलं तर तिथे काळे ठिपके होते आणि सुरीने घासून काढलेत. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता पानांसकट फ्लॉवर दिसला तर दोन रुपये जास्त देऊन घेते.

स्वीट कॉर्नची साल काढून, फिल्ममध्ये गुंडाळून, थाळीत दोन-दोन कणसं मांडलेली असतात. साल आणि केस हेच कणसाच्या वयाचं प्रमाणपत्र. केस ओलसर तपकिरी, साल हिरवी, तर कणीस ताजं. साल गेली की पुरावा गेला. आणि मक्याच्या, मटाराच्या बाबतीत वय फार महत्त्वाचं, कारण तोडल्याक्षणापासून त्यांच्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. उकाड्यात काही तासांत गोडी उतरते. पुरंदरचा पावसाळी वाटाणा शेताच्या बांधावर सोलून खाल्लेला ज्याला आठवतो, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दुकानात सोललेले मटार घेण्यापेक्षा शेंगा घ्या. शेंग हिरवी, ताठ आणि दाबल्यावर कुरकुरली पाहिजे. जाळीसारखी पांढरट दिसणारी, सैल शेंग जुनी.

चिरलेल्या, कापलेल्या भाज्या आणि फळांच्या डब्यांना हात लावू नका. तिथे साल, देठ, पान, सगळे पुरावे नाहीसे झालेले असतात. आणि कापलेलं कलिंगड किंवा पपई उबेत राहिली तर पोट बिघडायची भीती वेगळी.

पायरी चौथी : फळभाज्या एकेक हातात घ्या

ढिगातून पटापट पिशवी भरू नका. काटा वजन सांगतो, वय सांगत नाही.

भेंडी : बोटाएवढी, सरळ, लवदार. टोक मोडून बघायची सवय आहे खरी, पण मोडलेल्या भेंड्या मागे ठेवून जाऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी त्या मिळतात. चिमटीत धरून जरा वाकवा. कोवळी लगेच मोडायला येते, निबर वाकते पण मोडत नाही. कडांवर काळी रेघ असेल तर ती शिळी किंवा गारठलेली.

वांगी : टोपी हिरवी आणि काटेरी हवी, वाळून तपकिरी झालेली नको. साल चमकदार. अंगठ्याने दाबलं की लगेच वर यायला हवी, खळगा राहिला तर नको. दोन सारख्या आकाराची वांगी हातात तोला, हलकं घ्या, त्यात बिया कमी. भरल्या वांग्यासाठी छोटी, काटेरी वांगी सुपरमार्केटमध्ये बऱ्याचदा शिळीच असतात, कारण ती कमी खपतात.

दुधी : फिकट हिरवा, अंगावर बारीक लव, वजनाला जड. अंगठ्याचं नख हलकं टेकवून बघा, साल कोवळी कळते. घरी आल्यावर कापताना एक फोड जिभेला लावा. कडू लागली तर पूर्ण दुधी टाका. कडू दुधीचा रस तर मुळीच पिऊ नका, तो गंभीर आजारी पाडतो. काकडी आणि दोडक्यालाही हाच नियम.

दोडका : शिरा ताठ, टोकदार. शिरा मऊ झाल्या असतील तर शिळा. वाजवून बघितला आणि पोकळ आवाज आला तर निबर.

टोमॅटो : घट्ट, लाल, देठाजवळ भेग नसलेले. हल्लीचे टोमॅटो टणक असतात, बरेच दिवस टिकतात, पण आंबट-गोड चव आणि रस कमी. क्रेटमधून लांबचा प्रवास सोसेल अशा जाड सालीच्या जाती लावल्या जातात आणि पूर्ण पिकण्याआधी तोडल्या जातात. हा दोष दुकानाचा नाही, पण त्यात भर पडते ती थंडीने. थंड फळीवरून आलेला टोमॅटो घरी दोन दिवस बाहेर ठेवून बघा, थोडी तरी चव सुटते. ज्याचा रंग फिकट आणि पिठूळ राहिला तो आधीच गारठलेला होता.

ढोबळी मिरची, गाजर, बीट, लाल भोपळा, सुरण, रताळी, हे सगळं सुपरमार्केटमधून बिनधास्त घ्या. लांबची वाट त्यांना सोसते. फक्त ढोबळीचा देठ हिरवा आहे आणि अंगावर सुरकुत्या नाहीत एवढं पहा.

कांद्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण महाराष्ट्रात राहून कांदा ओळखता आला नाही तर कसं चालेल. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा कोरडा, पक्क्या सालीचा असतो. शेतकरी तो कांदाचाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा शेडमध्ये, साठवतात आणि तो थेट दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. ऑक्टोबरपासून खरिपाचा लाल कांदा येतो. तो रसाळ पण टिकाऊ नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुकानात मिळणारा जुना कांदा मानेपाशी दाबून बघा. मऊ लागला किंवा हिरवा कोंब डोकावला तर सोडा. सालीवर काजळीसारखी काळी पूड दिसली तर बुरशी आहे. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाच किलोची जाळी स्वस्त मिळतेय म्हणून उचलू नका, लाल कांदा पंधरा दिवसांत नरम पडतो. महिन्याचा साठा करायचा तर एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याचा करा.

बटाटा हिरवट असेल तर घेऊ नका. उजेडात राहिल्याने तसं होतं आणि त्या हिरव्या भागात विषारी द्रव्य वाढतं. शीतगृहातला बटाटा गोडसर लागतो आणि तळताना लवकर तपकिरी होतो. काचऱ्या करायच्या असतील तर नवा, पातळ सालीचा बघा. आणि धुवून चमकवलेल्या आल्यापेक्षा मातीचं आलं जास्त टिकतं.

पायरी पाचवी : फळं

इथे सुपरमार्केटचं पारडं जड असू शकतं, पण हंगाम पाळला तरच. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पावसाळा सरताना सीताफळ, एप्रिल-मेमध्ये हापूस. हंगामाबाहेर त्याच फळाचा डबा दिसला तर तो साठवणीतला किंवा फार लांबून आलेला.

सफरचंद काश्मीर आणि हिमाचलमध्ये साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरवतात. एप्रिल-मेमधलं सफरचंद शीतगृहातलं किंवा परदेशातलं असतं. ते वाईट असतंच असं नाही, पण दोन्ही बाजूंनी दाबून बघा. आत पिठूळ झालेलं फळ किंचित दबतं आणि टिचकी मारल्यावर बद्द वाजतं. सालीवरचा चकचकीतपणा ताजेपणाची खूण नाही. मधमाश्यांचं मेण, कार्नौबा (एका ताडाच्या पानांचं मेण) किंवा लाखेचा पातळ लेप लावायला परवानगी आहे. कोमट पाण्याने चोळून धुवा.

द्राक्षांचा मण्यांकडे नव्हे, देठांकडे बघून निर्णय घ्या. हिरवा, लवचिक देठ म्हणजे ताजी. तपकिरी, कडक काड्या म्हणजे कितीतरी दिवस उलटले. मण्यांवरची पांढरट झाक ही नैसर्गिक असते, ती पुसली गेलेली नसेल तर उलट चांगलं. स्ट्रॉबेरीचा डबा उलटा करा. खालून ओला किंवा लाल डाग असेल तर मधली फळं गेली.

केळी फिकट पिवळी आणि देठ, टोकं हिरवी, अशी सगळी एकसारखी दिसली तर ती पिकवणी खोल्यांमधून आलेली असतात. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात, म्हणजे जास्तीत जास्त 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), वापरून पिकवणं कायदेशीर आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर मात्र बंदी आहे. सालीवर करडी झाक आली असेल तर केळी थंडीत राहिलेली आहेत, ती नीट पिकणार नाहीत. हापूसचा वास देठाजवळ घ्या. बाहेरून केशरी आणि वास शून्य असा आंबा आत आंबट निघतो. पेटीवर रत्नागिरी, देवगड असं छापलेलं असतं, पण तुम्हाला आत काय आहे ते नाक सांगतं. डाळिंब जड आणि जरा चौकोनी, कडा उमटलेलं घ्या. आतले दाणे भरले की गोल फळ बाजूंनी दबतं.

पायरी सहावी : आठवड्याची विभागणी करा

एकाच दुकानातून सात दिवसांची भाजी आणू नका. भाच्याला मी असं लिहून दिलं. शनिवारी किंवा रविवारी शेतकरी आठवडे बाजार गाठायचा. पुण्यात बऱ्याच भागांत ते भरतात, तिथे पालेभाजी, गवार, घेवडा, भेंडी घ्यायची. ती पहिल्या तीन दिवसांत संपवायची, सगळ्यात आधी पाला. मधल्या दिवसांत दोडका, दुधी, फ्लॉवर. आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, लाल भोपळा, बटाटा, आणि एक दिवस मोड आलेली मटकी. कांदा, बटाटा, फळं आणि टिकाऊ भाज्या सुपरमार्केटमधून.

सवड असेल तेव्हा सकाळी लवकर मंडईत जा. पुण्यातली महात्मा फुले मंडई 1886 पासून उभी आहे आणि अजूनही पालेभाजीचा खरा भाव, खरा वास तिथे मिळतो. मुंबईकरांना दादरला पहाटे हाच अनुभव येईल.

बाजाराला वेळच नसेल तर रस्त्यावरची भाजीवाली शोधा. तिच्याकडे माल थोडा असतो, तो रोज संपवावाच लागतो, म्हणून तो ताजा असतो. "मावशी, आजची आहे का?" असं विचारा. पहिल्यांदा त्या "सकाळीच आणलीय बाळा" म्हणतील. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून खरं सांगू लागतील, "मेथी राहू दे आज, उद्या ये." या माणसाशी घासाघीस करू नका. दोन रुपये वाचवून जो विश्वास गमवाल तो मोबाईलवर मागवून मिळत नाही.

पायरी सातवी : घरी आल्यावर

पिशवी तशीच फ्रीजमध्ये टाकणं, ही नव्या घरातली सर्वांत मोठी चूक. प्लॅस्टिकमध्ये थंडी लागली की आत पाणी जमतं आणि पानं उबट, ओली राहून कुजतात.

पालेभाजी त्याच रात्री निवडा, पण धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवा. कोथिंबीर मुळांसकट असेल तर पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात उभी करा आणि पाणी रोज बदला. हिरव्या मिरचीचे देठ काढून, पुसून, फडकं घातलेल्या डब्यात ठेवा, दोन आठवडे जातात. भेंडी पुसून कोरडी करा आणि फ्रीजच्या दाराजवळच्या भागात ठेवा, मागच्या थंड कोपऱ्यात नको. टोमॅटो, केळी, कांदा, बटाटा, लसूण बाहेर. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका, एकमेकांची नासाडी करतात. पिकलेली केळी, सफरचंद आणि टोमॅटो इथिलीन सोडतात, त्यांच्या शेजारी ठेवलेली काकडी आणि पालेभाजी लवकर पिवळी पडते.

पायरी आठवी : बोला

बहुतेक गिऱ्हाइकं खराब भाजी घरी टाकून देतात आणि गप्प बसतात, म्हणून दुकानाला काही कळतच नाही. फळीवर पिवळी पडलेली मेथी दिसली तर ती उचलून काउंटरवरच्या माणसाला दाखवा, शांतपणे. भाचा संकोचत होता. मी त्याला सांगितलं, शेतकऱ्याने ती मेथी वाळवण्यासाठी लावली नव्हती, आणि तू तिच्यासाठी पूर्ण पैसे मोजतोयस.

घरी आणल्यावर आत सडलेलं निघालं तर त्याच दिवशी फोटो काढा आणि बिल घेऊन परत जा. उद्या गेलात तर "तुमच्या घरी खराब झालं" असं म्हणतील. पाकीटबंद भाजी घेतलीत तर पॅकिंगची तारीख वाचा, आणि लिहिलेलं निव्वळ वजन एकदा काट्यावर ठेवून पडताळा. माझ्या अनुभवात बहुतेक दुकानं भाजी बदलून देतात. नाही दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. फोन करायची वेळ मला अजून आलेली नाही, पण काउंटरवर तो क्रमांक तोंडातून निघाला की मॅनेजर बाहेर येतात हे मात्र पाहिलंय.

आणि भाजीचं बिल त्या भाजीचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत जपून ठेवा. फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावून ठेवलं की बरं.